डायटमची नवी जात: बडोद्याच्या ओढ्यापासून छापील नावापर्यंत

पावागडच्या पायथ्याच्या ओढ्यातला दगड घासून स्लाइड केली आणि कुठल्याच चित्राशी न जुळणारा डायटम दिसला, तर आधी असंच धरून चालावं की तो नवा नाही. माहितीतल्याच जातीचा, विभागून विभागून लहान झालेला तो नमुना असू शकतो. दूषित पाण्यामुळे वेडावाकडा वाढलेला असू शकतो. साठ वर्षांपूर्वी कुणी चार ओळींत त्याचं वर्णन करून ठेवलेलं असू शकतं. किंवा मागच्या नमुन्याच्या ड्रॉपरला चिकटून तो तुमच्या स्लाइडवर आला असेल. या शक्यता एकेक करून खोडल्यावर जे उरेल, त्यालाच नवी जात म्हणता येतं. हा लेख मुख्यतः त्या खोडण्याच्या कामाबद्दल आहे. एम.एस्सी.चे विद्यार्थी, महाविद्यालयात शिकवणारे आणि घरी बऱ्यापैकी मायक्रोस्कोप बाळगणारे हौशी, या सगळ्यांना समोर धरून लिहिते आहे.

आधी शब्दांची उजळणी. डायटम म्हणजे सिलिकाची भिंत असलेलं एकपेशीय शैवाल. भिंतीचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे एकमेकांवर बसतात. वरच्या आणि खालच्या चपट्या भागाला व्हॉल्व्ह म्हणतात, मधल्या पट्ट्यांना गर्डल. ओळख पटते ती व्हॉल्व्हवरच्या नक्षीवरून: बाह्याकार, टोकांची ठेवण, मधली उभी चीर म्हणजे राफे, आडव्या रेषा म्हणजे स्ट्राय, त्या रेषांमधली बारीक भोकं म्हणजे एरिओली, मध्यभागातली मोकळी जागा, आणि काही वंशांत तिथेच असणारा एखादा वेगळा ठिपका, स्टिग्मा.

कुठे शोधायचं

विश्वामित्री नदी बडोदा शहरातूनच वाहते, त्यामुळे तिथून सुरुवात करावीशी वाटते. करू नका. एक तर नदीत मगरी आहेत आणि काठच्या गाळात उतरून दगड उचलायची ती जागा नव्हे. दुसरं म्हणजे सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात निट्झशिया पॅलिया, गोम्फोनेमा पार्व्ह्युलम अशा, जगात कुठेही सापडणाऱ्या आणि काहीही सोसणाऱ्या जातींचीच गर्दी असते. शिकण्यासाठी ते पाणी उत्तम, नवं शोधण्यासाठी निरुपयोगी. आजवा तलावाच्या काठाला जातानाही मगरींचं भान ठेवावं.

अपेक्षा ठेवावी अशा जागा वेगळ्या: पावागड आणि जांबुघोड्याच्या डोंगरातले पावसाळी ओढे, ओल धरून राहणारे कातळ, ओरसंग नदीचा वरचा भाग, वढवाणा तळ्यातल्या पाणवनस्पतींचे देठ. कातळावरून नुसतं पाझरणारं पाणी नवखे लोक ओलांडून पुढे जातात. मला तीच जागा सगळ्यात आशेची वाटते.

परवानग्या आधी. जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथून चमचाभर चिखल आणायचा तरी वनविभागाचा लेखी परवाना लागतो. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या वावा म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, कुंडं संरक्षित स्मारकांत मोडतात, त्यांच्या पायऱ्यांना ब्रश लावू नये. पुढे शोधनिबंध पाठवताना परवान्याचा क्रमांक विचारला जातो आणि तो मागाहून मिळत नाही.

पुरानंतर लगेच जाऊन उपयोग नसतो, कारण पाण्याच्या जोरानं दगड धुऊन निघालेले असतात. पाणी निवळल्यावर तीन-चार आठवडे थांबा. आपल्याकडे सप्टेंबरअखेरीपासून थंडी संपेपर्यंतचा काळ चांगला. उन्हाळा लागला की यातले बरेच ओढे कोरडे पडतात.

नमुना घेताना

वाहत्या, उजेड पोचणाऱ्या आणि सतत पाण्याखाली असलेल्या भागातले पाच-दहा दगड घ्या. वरची बाजू नव्या टूथब्रशनं ट्रेमध्ये घासा आणि तपकिरी पाणी बाटलीत भरा. प्रत्येक जागेला नवा ब्रश, नवा ड्रॉपर. डायटम काचेला आणि ब्रशच्या केसांना असे चिकटतात की धुऊन जात नाहीत, आणि ब्रशची किंमत पंधरा-वीस रुपये आहे. गाळ, शेवाळ आणि वनस्पती यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. एकत्र केलात तर ही जात नेमकी कशावर राहते हे कधीच सांगता येणार नाही.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एकात अल्कोहोल किंवा लुगॉलचं (आयोडीनचं) द्रावण घाला, दुसरा तसाच बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली बघा. जिवंत पेशीत हरितलवके किती, कशा आकाराची, पेशी देठावर बसते की साखळी करते, हे आम्लात घातल्यावर दिसत नाही. शिवाय ही जात या पाण्यात खरोखर जगते याचा पुरावा तोच. रिकामे व्हॉल्व्ह वाऱ्यानं, पाण्यानं, जुन्या गाळातून कुठूनही येऊ शकतात.

वहीत लिहायचं: अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पाण्याचं तापमान, पीएच, विद्युतवाहकता, तळ दगडाचा की वाळूचा, सावली, जवळ शेत किंवा गोठा आहे का. गावाचं आणि ओढ्याचं नाव स्थानिकांनाच विचारा, कारण हेच पुढे जातीचं मूळ ठिकाण म्हणून छापलं जाणार आहे आणि नकाशावरची नावं कित्येकदा चुकलेली असतात. ‘पथरा घसीने शुं मळशे, बेन?’ असं कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याला थेंबभर पाणी भिंगाखाली दाखवावं. मग ओढ्याचं नाव, तो कधी आटतो आणि वर कुणाचं शेत आहे, हे सगळं न मागता कळतं.

साफसफाई

नक्षी दिसायची तर पेशीतला सगळा सेंद्रिय माल जाळून टाकावा लागतो. त्यासाठी तीव्र नायट्रिक आम्ल किंवा ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. दोन्ही धोकादायक आहेत, म्हणून हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच, चष्मा आणि हातमोजे घालून करायचं. हौशी मंडळींनी हा टप्पा घरी करू नये, कुठल्यातरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हात जोडावेत.

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावण्यासारखी आहे: अल्कोहोलमधल्या नमुन्यात नायट्रिक आम्ल कधीही थेट ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी नमुना ऊर्ध्वपातित पाण्यानं पुनःपुन्हा धुऊन अल्कोहोल पूर्ण काढा. नमुन्यात चुनखडी असेल तर पहिल्यांदा थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बुडबुडे थांबू द्या. मग नायट्रिक आम्लात मंद उकळा. थंड झाल्यावर हा मालच भरपूर पाण्यात ओता, पाणी त्यात ओतू नका. पुढे तळाशी बसू देणं, वरचं पाणी हलक्या हातानं काढणं, पुन्हा भरणं. एका धुण्याला रात्रभर द्या आणि पीएच पाण्याइतका येईपर्यंत हे चालू ठेवा. घाईनं सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं की लांब, नाजूक व्हॉल्व्ह मोडतात.

स्लाइड

स्वच्छ द्रावणाचा थेंब कव्हरस्लिपवर पसरून धूळ न बसेल असा वाळवा. पुढे ती स्लाइडवर चिकटवायला कॅनडा बाल्सम या राळेवर काम भागवण्याचा मोह होतो, कारण तो प्रत्येक विभागात पडलेला असतो. डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४३ आहे आणि बाल्समचा १.५३च्या आसपास, एवढ्या थोड्या फरकात बारीक रेषा पुसट होतात. डायटमसाठी वापरतात त्या नॅफ्रॅक्स या चिकट माध्यमाचा अपवर्तनांक १.७च्या वर आहे, त्यात तीच नक्षी कोरल्यासारखी उठून दिसते. नॅफ्रॅक्स महाग आहे आणि बाहेरून मागवावा लागतो, पण प्रमाण नमुना, म्हणजे जातीचं नाव कायमचं ज्याला बांधलेलं राहतं तो नमुना, ठरणारी स्लाइड त्यातच हवी. त्यात टोल्युइन असतं, तेव्हा गरम करणंही धुराच्या कपाटातच. प्रत्येक नमुन्याच्या किमान पाच-सहा स्लाइड एकाच वेळी करून ठेवा.

मोजमाप

१०० पट तेलाचं भिंग, शक्य असेल तर डीआयसी (पारदर्शक वस्तूला उठाव देणारी प्रकाशयोजना), आणि स्टेज मायक्रोमीटरनं, म्हणजे मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडनं, तपासून घेतलेला कॅमेरा. लांबी, रुंदी आणि १० मायक्रोमीटर अंतरात किती स्ट्राय बसतात ते मोजा. स्ट्राय मध्यभागी मोजलीत की टोकाकडे, मध्यरेषेजवळ की कडेला, हे ठरवून सगळीकडे तसंच करा आणि निबंधात लिहा.

खरी मेख आकारात आहे. डायटमची पेशी विभागताना प्रत्येक पिल्लू जुना अर्धा भाग झाकण म्हणून घेतं आणि आतल्या बाजूनं नवा अर्धा भाग बनवतं. त्यामुळे पिढीगणिक सरासरी आकार घटत जातो. मॅकडोनल्ड आणि फिट्झर यांनी १८६९ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. एका मर्यादेखाली गेल्यावर लैंगिक प्रजननातून ऑक्झोस्पोअर ही फुगून मोठी होणारी पेशी तयार होते आणि आकार पुन्हा मूळ पदावर येतो. घटताना लांबी झपाट्यानं कमी होते, रुंदी त्या मानानं कमी बदलते आणि स्ट्रायची दाटी साधारण तशीच राहते. चोचीसारखी टोकं बोथट होतात, कंबर भरून येते. लांब, देखणी पेशी आणि तिचीच आखूड, गोलसर पणती शेजारी ठेवली तर कुणीही दोन जाती म्हणेल. जुन्या ग्रंथांतल्या कितीतरी ‘जाती’ अशाच जन्मल्या आहेत.

म्हणून एका सुंदर व्हॉल्व्हवरून नवी जात लिहायची नाही. किमान तीस व्हॉल्व्ह मोजा, जास्त मिळाले तर उत्तम, आणि सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात लहानापर्यंत फोटोंची सलग रांग लावा. रांगेत एके ठिकाणी एकदम उडी दिसली तर तुमच्यासमोर दोन जाती मिसळल्या असण्याची शक्यता आहे. वाकडे राफे, तुटक स्ट्राय, एका बाजूला फुगलेली कड असे नमुने वेगळे काढा. जड धातूंच्या पाण्यात असे विकृत व्हॉल्व्ह होतात आणि ते वर्णनात घुसले की गोंधळ कायमचा.

साध्या मायक्रोस्कोपची नजर ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास थांबते. एरिओलीचं तोंड कसं आहे, राफेची टोकं कुठे वळतात, स्टिग्मा आतून कसा उघडतो, हे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरच दिसतं. यंत्राची वेळ तासावर मिळते, तेव्हा यादी करून जा: बाहेरून पूर्ण व्हॉल्व्ह, आतून पूर्ण व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंनी मध्यभाग आणि दोन्ही टोकं, गर्डलच्या पट्ट्या. आतली बाजू राहून जाते, आणि परीक्षक नेमकी तीच मागतात.

तुलना

आता अवघड भाग. समजा, सापडलेला डायटम गोम्फोनेमा वंशातला आहे. बडोद्यात बसून पहिलं नाव आठवायचं ते ह. पृ. गांधी यांचं. कोल्हापूर, पन्हाळा, जोगचा धबधबा, धारवाड, अहमदाबाद अशा ठिकाणचे डायटम त्यांनी दशकानुदशकं अभ्यासले, आणि मध्य गुजरातच्या गोड्या पाण्यातल्या डायटमवरचा त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये आला. आपल्या परिसरातलं काही नवं म्हणायचं तर ते पान न् पान चाळल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. अडचण अशी की त्यांची बहुतेक वर्णनं साध्या मायक्रोस्कोपच्या काळातली, हातानं काढलेल्या रेखाचित्रांसह. चित्र अप्रतिम असलं तरी एरिओलीचं तोंड त्यात नसतं. अशा जातींच्या मूळ स्लाइड पुन्हा तपासून घेण्याचं काम पुढच्या संशोधकांनी हाती घेतलं. गांधींनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या गोम्फोनेमांचा असा फेरविचार २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी अडचण उलट्या दिशेची. आपल्याकडे बराच काळ युरोपातले ग्रंथ उघडून इथल्या डायटमना तिथली नावं दिली गेली. ‘ही जात भारतात आधीच नोंदलेली आहे’ असं वाचून हिरमुसू नका; त्या नोंदीचा फोटो किंवा चित्र मिळवा. नाव युरोपातलं आणि चित्रातला डायटम तुमचाच, असं निघू शकतं. युरोपापेक्षा उष्ण प्रदेशांतलं साहित्य आधी बघा: आफ्रिका, आग्नेय आशिया, विशेषतः जर्मन डायटमतज्ज्ञ हुस्टेट यांनी १९३७ ते १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेलं जावा, बाली, सुमात्रावरचं काम.

जवळच्या वाटणाऱ्या पाच-सात जाती निवडून तक्ता करा. उभ्या रकान्यात जाती, आडव्यात लक्षणं: लांबी, रुंदी, स्ट्राय, एरिओली, मध्यभाग, स्टिग्मा, टोकं, गर्डल, मूळ ठिकाण, पाण्याचा प्रकार. आकडे मूळ वर्णनातूनच घ्या. नंतरच्या लेखकांनी त्या नावाखाली काय काय कोंबलंय याचा भरवसा नसतो. मूळ वर्णनात आकडा नसेल तर त्या नावाचा प्रमाण नमुना जिथे असेल तिथे पत्र लिहा. हुस्टेट यांचा संग्रह जर्मनीत ब्रेमरहाफनला आहे, कितीतरी जुने नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. नेमका प्रश्न विचारणाऱ्या सभ्य पत्राला संग्रहालयं बहुधा फोटो पाठवून उत्तर देतात.

वेगळेपणा किती असला म्हणजे पुरे? नियमावलीत याचं उत्तर नाही. माझं मत असं की एकमेकांवर अवलंबून नसलेली किमान दोन लक्षणं वेगळी हवीत, त्यातलं एक तरी स्कॅनिंगमध्ये दिसणारं, आणि ती आकारमालेच्या दोन्ही टोकांना टिकलेली. नुसती लांबी दोन मायक्रोमीटरनं जास्त, एवढ्यावर नाव देणाऱ्यांची जात सुदैवानं दुर्मीळ होत चालली आहे. लांबी-रुंदीचा आलेख काढून त्यावर शेजारच्या जातीचेही ठिपके टाका. दोन ढग एकमेकांत मिसळले तर थांबा आणि आणखी नमुने आणा. दुसऱ्या एखाद्या ओढ्यातही तोच डायटम त्याच लक्षणांसह मिळाला, तर दावा कितीतरी भक्कम होतो.

डीएनए लागतोच असं नाही, पण मिळाला तर घ्या. एकच पेशी बारीक नळीनं उचलून, सिलिकेट घातलेल्या माध्यमात वाढवून आरबीसीएल जनुक आणि १८एस आरआरएनएचा भाग, म्हणजे जातींची तुलना करायला वापरतात ते डीएनएचे तुकडे, वाचतात. सेलाफोरा प्युप्युला या एका नावाखाली वेगवेगळ्या जाती दडल्या होत्या. आकार, सूक्ष्मरचना आणि कोण कोणाशी जुळतं याचे प्रयोग असा तिहेरी पुरावा जोडून त्यातल्या पाच २००४ मध्ये वेगळ्या केल्या गेल्या. उलट दिशेनं, २०२१ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पूर्व घाटातल्या नदीतून इंडिकोनेमा हा अख्खा वंश नवा म्हणून मांडला. दोन्ही टोकांना सूक्ष्म भोकांचा पट्टा, ही त्याची ठळक खूण. गोम्फोनेमात तो फक्त पायाच्या, म्हणजे खालच्या निमुळत्या टोकाला असतो.

नाव

शैवालांची नावं आंतरराष्ट्रीय वनस्पतिनामकरण नियमावलीखाली येतात. अल्गीबेस आणि डायटमबेस या नावांच्या ऑनलाइन सूचींवर तपासा की त्या वंशात तेच विशेषण आधी कुणी वापरलेलं नाही. विशेषणाचं लिंग वंशाच्या लिंगाशी जुळायला हवं. गोम्फोनेमा नपुंसकलिंगी, म्हणून पावागडवरून नाव दिलं तर शेवट ‘एन्से’. नॅव्हिक्युला स्त्रीलिंगी, तिथे ‘एन्सिस’. एका पुरुषाच्या सन्मानार्थ दिलेल्या नावाचा शेवट सहसा ‘इ’कारान्त, एका स्त्रीच्या ‘ए’कारान्त. स्वतःचं नाव देऊ नये. नियम आड येत नाही, लोक हसतात.

वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट २०१२ पासून गेली, इंग्रजी चालतं. १९९० पासून प्रमाण नमुना कोणता आणि तो कुठल्या संस्थेत ठेवला, हे स्पष्ट लिहिल्याखेरीज नाव वैध होत नाही. वेगळेपणा दाखवणारं चित्र किंवा फोटोही सक्तीचा. बर्लिनच्या वनस्पती उद्यानाकडून चालणाऱ्या फायकोबँक या शैवालनावांच्या नोंदवहीत नोंद करून मिळालेला क्रमांक निबंधात छापा.

प्रमाण नमुना म्हणजे बहुधा एक स्लाइड. त्यावर शेकडो इतर डायटमही असतात, म्हणून नेमका व्हॉल्व्ह हिऱ्याच्या टोकानं वर्तुळ काढून दाखवा किंवा इंग्लंड फाइंडर या आकडेवार चौकटी कोरलेल्या काचपट्टीवरची जागा लिहा, आणि त्याच व्हॉल्व्हचा फोटो निबंधात द्या. स्लाइड घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवून चालत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं हर्बेरियम (वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) आंतरराष्ट्रीय सूचीत ‘बारो’ या संक्षेपानं आहे, आघारकर संस्थेचं ‘अहमा’ म्हणून. एक स्लाइड एका जागी, जोडीची दुसऱ्या शहरात, अशी विभागणी शहाणपणाची.

छापणं आणि कायदा

वर्णनाचा क्रम ठरलेला असतो: नाव, वर्णन, प्रमाण नमुना, मूळ ठिकाण, नावाची व्युत्पत्ती, पाण्याचा प्रकार, सोबतच्या जाती. सोबतच्या जातींसाठी चारशे व्हॉल्व्ह मोजण्याची पद्धत आहे. फोटोंच्या पाटीवर प्रमाणरेषा हवीच. फायटोटॅक्सा, डायटम रिसर्च, नोव्हा हेडविगिया ही या विषयाची नेहमीची नियतकालिकं.

निबंध येण्याआधी नाव कुठेही सोडू नका. दैनिकातली बातमी नियमावलीच्या दृष्टीनं प्रकाशन नव्हेच. पदवीच्या प्रबंधातलं नावही साधारणपणे धरलं जात नाही. तोवर प्रबंधात ‘गोम्फोनेमा, जात क्रमांक १’ असं लिहा.

परदेशी सहकाऱ्याला स्लाइड पाठवायची असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. २००२च्या जैविक विविधता कायद्यात परदेशी व्यक्तींना नमुने देण्यावर बंधनं आहेत, आणि संयुक्त प्रकल्पांना सूट असली तरी तिच्या अटी आहेत. त्याच कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी जात शोधणाऱ्यानं नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना जमा करायचा असतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही त्यातली एक. निबंधाची प्रत, स्लाइड आणि पोच एकाच फाइलीत ठेवा.

मूळ बाटली फेकू नका. पुढे कुणी तुमची जात जुन्या एखाद्या नावात विलीन करायला निघालं, तर त्याला स्लाइडपेक्षा कच्चा माल जास्त उपयोगी पडतो. झाकण घट्ट आहे ना, अल्कोहोल उडालं नाही ना, हे दरवर्षी बघा, आणि बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आतूनही टाका. बाहेरची शाई अल्कोहोलच्या एका ओघळानं जाते.